भिंतीचा पोत गावचाच हवा

आभासी जगात घर उभं करणं फारसं अवघड नाही. चार भिंती, वर उतरतं छप्पर, दाराची जागा मोकळी सोडली की घराचा सांगाडा तयार होतो. सेकंड लाइफ हे आभासी जग 2003 साली खुलं झालं, पुढे ओपनसिम्युलेटर आलं. दोन्हीकडे सुरुवात अशा साध्या ठोकळ्यांपासूनच करता येते. त्या ठोकळ्याला ओळख मिळते ती त्यावर चढवलेल्या चित्रातून, म्हणजे टेक्स्चरमधून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या पहाडावरची घरं अशा जगात उभी करण्याच्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आकार कुठूनही घ्या, पण पोत त्याच गावातून आला पाहिजे.

तिथल्या कोलाम आदिवासींच्या वस्तीतलं कुडाचं घर आणि दुसऱ्या जिल्ह्यातलं मातीचं घर यांचे सांगाडे पडद्यावर शेजारी ठेवले, तर सहज वेगळे ओळखू येत नाहीत. फरक दिसतो तो पृष्ठभागात. बांबूच्या तट्ट्यावर माती-शेणाचा लेप असतो, तो जिथे उडतो तिथे खालची वीण उघडी पडते. पावसाचे शिंतोडे बसून भिंतीच्या पायथ्याशी गडद पट्टा उमटतो. सारवणात हाताचे अर्धगोल राहतात. जुनी कवेलू काळवंडतात आणि त्यांच्यात मधेच बसवलेली नवी लाल उठून दिसतात. यातलं काहीही सांगाड्यात येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की पॉली हेवन, अँबियंट सीजी यांसारख्या संग्रहांत उत्तम टेक्स्चर फुकट आणि मुक्त परवान्याने मिळतात, मग उन्हात हिंडून भिंतींचे फोटो काढायचे कशाला? टिनाचा पत्रा, सिमेंटचा गिलावा, लोखंडी दार यांच्यासाठी मीही तेच संग्रह वापरतो, कारण पत्रा सगळीकडे सारखाच असतो. माती मात्र सारखी नसते. परक्या मातीची भिंत लावली की पाहणाऱ्याला खेडं दिसतं, जिवती दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. फोनवर काढलेल्या फोटोत ऊन-सावली पक्की बसलेली असते. फोटोतली सावली उजवीकडे आणि आभासी सूर्य भलतीकडेच, असं झालं की भिंत खोटी वाटते. म्हणून फोटो ढगाळ दिवशी किंवा पूर्ण सावलीत, भिंतीसमोर सरळ उभं राहून काढावा. एकच चित्र भिंतभर पुन्हा पुन्हा शेजारी लावलं जातं, म्हणून मग जोड लपवण्याचं काम येतं. गिंपसारख्या चित्र-संपादकात चित्र निम्म्याने सरकवलं की कडा मधोमध येतात आणि तिथली रेघ पुसता येते. खरी अडचण पुढे आहे. ठळक तडा ठेवला तर तो दर हातभर अंतरावर पुन्हा दिसतो. काढून टाकला तर गावाची खूणच जाते. यावरचा माझा उपाय दोन थरांचा आहे. खाली खुणा नसलेली साधी माती, आणि तिच्यावर हव्या त्या जागी ओल, तडा, उडालेला लेप यांचं पारदर्शक कडांचं वेगळं चित्र.

चित्र जितकं मोठं तितकं खरं, हा समजही सोडायला हवा. जेपेग फाइल डिस्कवर लहान दिसते, पण न दाबलेल्या रूपात 1024 गुणिले 1024 ठिपक्यांचं चित्र, दर ठिपक्याला चार बाइट धरून, ग्राफिक्सच्या स्मृतीत 4 एमबी जागा घेतं. 512 चं चित्र 1 एमबीत भागतं. मातीच्या साध्या थराला तेवढं पुरतं, आणि अख्ख्या वस्तीला तोच थर वापरला तर स्मृतीत तो एकदाच बसतो. पहाडावरच्या पोराला जुन्या यंत्रावर आपलंच गाव अडखळत बघावं लागत असेल, तर त्या बारकाव्याचा उपयोग काय?

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. भिंत कुणाच्या तरी घराची असते, आणि तिच्यावर काढलेली चित्रं कुणाच्या तरी हातची. टेक्स्चर दिसायचं तर ते पाहणाऱ्याच्या यंत्रात उतरावंच लागतं आणि जे उतरतं त्याची नक्कल होऊ शकते. कुलूप लावण्याची सोय इथे फार पोकळ आहे. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. त्यांच्या हातची कला परवानगीशिवाय कुणाच्याही बाजारात जाऊ नये. म्हणून साध्या मातीचा फोटोही घरच्यांना विचारूनच घ्यावा. भिंतीवरचं चित्र काढणारीला तर ते कुठे लागणार, कोण बघणार आणि त्याची नक्कल कशी होऊ शकते, हे आधी नीट समजावून सांगावं. ती नाही म्हणाली, तर भिंत कोरी ठेवावी.