टूलकिटच्या निवडीविषयी



तुझे पत्र आणि सोबतचा तक्ता दोन्ही पोचले. दाखल-नोंदवही, देवघेव आणि वर्गणीचा हिशेब अशी वाचनालयाची तिन्ही दप्तरे एका प्रोग्राममध्ये आणावीत, आणि तो प्रोग्राम देवघेवीच्या टेबलावरच्या विंडोज 7च्या जुन्या संगणकावर, कार्यालयातल्या लिनक्सवर आणि कार्यवाहांच्या मॅकवर एकाच मूळ संहितेतून चालावा, हा तुझा मनसुबा मला मनापासून पसंत आहे. तक्त्यात प्रत्येक टूलकिटची गुणसंपदा तू मोठ्या कसोशीने मांडली आहेस; मात्र त्या खिडकीपुढे बसून दिवसभर मराठी टंकणार कोण, याचा रकाना त्यात कुठे दिसला नाही, आणि माझ्या मते निवाडा त्याच रकान्यात व्हायचा आहे.

या टूलकिटांची मुळात दोन घराणी. एक घराणे संगणकावर जी प्रणाली असेल तिच्याकडूनच बटण, यादी आणि लेखनचौकट मागून घेते; 1992 साली एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी आरंभलेले डब्ल्यूएक्सविजेट्स हे त्यातले. दुसरे घराणे प्रणालीकडून केवळ एक कोरी खिडकी घेते आणि आतला सगळा संसार स्वतः रंगवते. नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीने वाढवलेल्या क्यूटचा आणि अलीकडच्या फ्लटरचा मार्ग हा. इलेक्ट्रॉन या दोहोंपलीकडचा: तो प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर घालून पाठवतो, आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहून घेण्यासाठी एवढा लवाजमा बाळगणे मला तरी उधळपट्टीचे वाटते.

क्यूटविषयी तुझ्या मनात धास्ती आहे ती परवान्याची, आणि ती निराधार नाही. 1990च्या दशकात क्यूटचा परवाना पुरेसा मुक्त नाही, प्रामुख्याने याच तक्रारीवरून 1997 साली ग्नोम या डेस्कटॉपचा सवता सुभा उभा राहिला. पुढे 2000 साली जीपीएल, 2008 साली नोकियाने ट्रोलटेकच विकत घेतल्यावर 2009 साली एलजीपीएल, नंतर डिजिया, अशी ती जहागीर हातोहात फिरली, आणि 5.15 या आवृत्तीपासून दीर्घ मुदतीच्या दुरुस्त्या पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आल्या. तरीही एलजीपीएलची कलमे पाळून, म्हणजे क्यूटचे भाग वेगळे व बदलता येण्याजोगे ठेवून, प्रोग्राम खुशाल वाटता येतो. केवळ परवान्यापायी क्यूट नाकारू नये.

परवान्याहून मला भय वाटते ते आवृत्त्यांचे. जीटीके हे टूलकिट जन्मले तेच मुळी बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांच्या गिंप या चित्रसंपादकासाठी. पण जीटीकेची तिसरी आवृत्ती 2011मध्ये आली आणि तिच्यावर उभे राहिलेले गिंप 3.0 प्रसिद्ध व्हायला मार्च 2025 उजाडला, तोवर चौथी आवृत्ती येऊनही चार वर्षे उलटली होती. ज्या घरात टूलकिटचा जन्म झाला त्या घराची ही अवस्था, तर नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी हे काम करणाऱ्या तुझ्यासारख्याने सगळ्या खिडक्या वरचेवर नव्याने लिहीत बसावे काय?

आता मराठीकडे वळतो. उमेदवार टूलकिटमध्ये एक लेखनचौकट आणि एक बटण एवढीच खिडकी तयार कर. चौकटीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन्ही शब्द टंक: पहिल्यात रफार माथ्यावर चढला पाहिजे, दुसऱ्यात अर्धा र आडव्या वळणाने ‘या’ला भिडला पाहिजे. मग बाणाच्या कळीने कर्सर शब्दातून चालव आणि तो जोडाक्षराच्या पोटात अडकतो का ते पाहा. बटणावर ‘शीर्षकानुसार शोधा’ असे लिहून माथ्यावरचा रफार किंवा तळाचा उकार कापला जात नाही ना, याची खात्री करून घे; इंग्रजी अक्षरांच्या मापाने उंची पक्की करून ठेवलेल्या बटणावर तो हमखास कापला जातो. लिनक्सवर टीके या टूलकिटची 8.6 आवृत्ती या परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला नापास होते: जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसते. क्यूट आणि जीटीके यांच्याकडे हे अक्षरजुळवणीचे काम हार्फबझ ही लायब्ररी चोख करते. डब्ल्यूएक्सविजेट्स स्वतः काहीच जुळवत नाही. लिनक्सवर ते जीटीकेवर, आणि विंडोज व मॅकवर थेट प्रणालीवर विसंबते, आणि प्रणालींना देवनागरी आता उत्तम येते.

दुसरी बाब दृष्टिहीनांची, आणि सार्वजनिक वाचनालयाला ती डावलता येणार नाही. टूलकिटने स्वतः रंगवलेले बटण स्क्रीन रीडरच्या लेखी निव्वळ रंगीत ठिपके असतात, जोवर ते टूलकिट त्या बटणाचे नाव, प्रकार आणि स्थिती प्रणालीला निराळी कळवत नाही. क्यूट आणि क्रोमियम हे करतात. नव्या टूलकिटांपैकी कित्येकांनी ते काम ‘पुढे पाहू’ या सदरात ढकललेले असते. प्रणालीचेच बटण घेतले की ही माहिती बव्हंशी त्याच्यासोबतच येते. विंडोजवर दृष्टिहीन मंडळी वापरतात तो एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर 2006 साली ऑस्ट्रेलियात सुरू झाला. त्याच्या स्वतःच्या खिडक्या डब्ल्यूएक्सपायथनमध्ये, म्हणजे डब्ल्यूएक्सविजेट्सच्याच पायथन रूपात, लिहिलेल्या आहेत. याहून वजनदार साक्ष मी कोणती देऊ?

राहता राहिला तो जुना संगणक. मायक्रोसॉफ्टने विंडोज 7चा पाठिंबा जानेवारी 2020मध्येच काढून घेतला, तेव्हा तो इंटरनेटला जोडू नये हे तर खरेच. पण वाचनालयाचे अनुदान कधी जमा होते आणि त्यातून नवे यंत्र घ्यायला किती ठराव लागतात, हे तुला मी सांगायला नको. क्यूट 6 विंडोज 10च्या खाली उतरत नाही, आणि इलेक्ट्रॉनने 23व्या आवृत्तीपासून विंडोज 7 सोडले. डब्ल्यूएक्सविजेट्स 3.2 मात्र विंडोज एक्सपीवरही चालते.

तेव्हा माझा कौल डब्ल्यूएक्सविजेट्स 3.2ला, आणि तुला येते आहे त्या सी++मध्येच. परवाना तुला प्रोग्राम आपल्या अटींवर वाटू देतो. तीन ठिकाणी खिडकी तीन रूपांनी दिसेल, त्याची खंत करू नकोस. प्रत्येक जण आपापल्या संगणकाच्या बटणांना सरावलेला असतो. दोन पथ्ये मात्र पाळ: कोणत्याही बटणाची वा ओळीची उंची आकड्यात लिहू नकोस, मांडणी सगळी सायझरवर सोड, आणि पुस्तकांच्या यादीसाठी डब्ल्यूएक्सग्रिडच्या मोहात पडू नकोस, कारण ती जाळी टूलकिट स्वतः रंगवते आणि एनव्हीडीएला ती नीट वाचता येत नाही. विंडोजवर डब्ल्यूएक्सलिस्टकंट्रोल ही प्रणालीची अस्सल यादी आहे, तीच घे. पहिला मसुदा तयार झाला की आधी देवघेवीच्या टेबलावर नेऊन ठेव, कार्यवाहांना नंतर दाखव.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा