भरल्या पिशवीची उपासमार

आईचं बहुतेक लहान आतडं काढल्यापासून तिचं जेवण रात्रभर शिरेतून जातं. पिशवी लावायच्या आधी मी तिच्यात जीवनसत्त्वं घालते. ब२मुळे दुधाळ द्रव पिवळसर होतो. ‘अ’ उजेडात टिकत नाही, म्हणून वर कापड.

परवा औषधवाला म्हणाला, “ताई, माल नाही. पुढच्या आठवड्यात बघा.”

पण शरीरातला ब१चा साठा दोन-तीन आठवड्यांचाच. तो संपला की शिरेतली साखर पेशींना नीट जाळता येत नाही, रक्तात आम्ल साचतं. १९८८ साली अमेरिकेत अशाच तुटवड्यात, शिरेतून पोषण चालू असताना, तिघे दगावले.

तीन दुकानं पालथी घातली, चौथ्यात मिळालं. आई म्हणाली, “एवढ्याशा बाटलीसाठी केवढी वणवण!”

तिला काय सांगू? भरल्या ताटावरही माणूस उपाशी राहतो.