हुकमी डाव कोणता?

अंगाला भिडून लढणारा गडी तयार करायचा तर आधी त्याचा हुकमी डाव ठरवावा लागतो. आखाड्यातली ही गोष्ट मी या वयात कम्प्युटरवरच्या खेळातून नीट समजून घेतली. खेळ 'डायब्लो ४', २०२३ साली आलेला. त्यातला गडी बार्बेरियन. त्याचे साधे वार 'फ्युरी', म्हणजे जोश, जमवतात आणि मुख्य कौशल्य तो जोश खर्चून मोठा घाव घालतं. एका वेळी हाताशी सहाच कौशल्यं ठेवता येतात. 'व्हर्लविंड' घेतलं तर गडी गरगर फिरत गर्दीतून जातो, पण फिरतोय तोवर जोश आटत जातो. 'हॅमर ऑफ द एन्शंट्स' घेतलं तर समोर जबर हातोडा बसतो. मात्र त्यासाठी शत्रूपुढे पाय रोवून उभं राहावं लागतं. पहिल्याला जोशाचा पुरवठा हवा, दुसऱ्याला मार सोसायची ताकद. बाकी सगळं त्या एकाच्या मदतीला.

आमच्या अमरावतीला हे नवं नाही. इथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मातीतला पैलवान ढाक, कलाजंग, धोबीपछाड सगळं शिकतो. पण कुस्ती काढतो ती हुकमी डावावर. जोर-बैठका त्यासाठीच.

हा खेळ मला शिकवला अकोल्याच्या भाच्याने. यंदा त्याची बारावी झाली. मध्येच म्हणाला, "मामू, सब थोडा थोडा सीख लिया तो नहीं चलेगा क्या?" प्रश्न खेळापुरता नव्हता. इंग्रजीचा क्लास, कम्प्युटरचा कोर्स, स्पर्धा परीक्षा, सगळं एकदम सुरू करायचं घरात चाललंय. वडिलांचं दुकान लहान. खेळात सोनं मोजून पॉइंट परत घेता येतात. क्लासची फी अन् गेलेलं वर्ष परत येत नाही.

मी विचारलं, "कोणतं काम दिवसभर केलं तरी तुझा दम जात नाही?" जरा थांबून म्हणाला, "हिसाब." दुकानाची वही तोच लिहितो.

मग हिशेब हा त्याचा हुकमी डाव. इंग्रजी आणि कम्प्युटर त्याच्या जोर-बैठका. स्पर्धा परीक्षेची फी सध्या भरू नका, असं मी आपाला फोनवर सांगितलं. ती अजून माझ्यावर नाराज आहे.