कळकाचे काटे

माझं आजोळ जोयडा तालुक्यातलं. घरामागे कळकाचं मोठं बेट होतं. आमच्या मुलांना ‘कळक’ म्हटलं की कळत नाही, ‘बांबू’ म्हटलं की कळतं. पण बांबू हे झाड नसून गवत आहे, भात, ज्वारी आणि उसाच्याच कुळातलं, हे ऐकून तीही चकित होतात.

गवत कसं, ते बघा. उसासारखीच पेरं, फक्त आतून बहुधा पोकळ. पावसाळ्यात कोंब निघतो तोच पुढच्या कळकाची जाडी घेऊन. आंब्या-फणसाचा बुंधा वर्षावर्षाला जाड होतो, कळकाचा होत नाही. दोन-तीन महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो आणि मग नुसता टणक होत जातो. बेटातले कळक जमिनीखाली गड्ड्यांनी जोडलेले असतात, म्हणजे सगळे सख्खे भाऊच. फुलोरा मात्र आयुष्यात एकदाच, तोही कित्येक दशकांनी. आसपासची बेटं एकाच सुमारास फुलतात, भातासारखं बी टाकतात आणि वाळून जातात.

बेटाच्या बुडाशी काट्यांचा गच्च वेढा असतो. हे काटे म्हणजे रूप बदललेल्या फांद्याच. लहानपणी हातापायांवर ओरखडे उठले की मी आजीला म्हणायचे, “तोडून टाक ना हे!” ती म्हणायची, “अगो, कोंबांचं कुंपण आहे ते. ते मोडलं तर पुढच्या वर्षी कळक कुठून येणार?”

या बोलण्याचं मोल मला डॉ. माधव गाडगीळ यांच्या लेखनातून कळलं. पुण्यात वाढलेल्या या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला, त्यात उत्तर कन्नडही होता. दांडेलीच्या कागद कारखान्याला सरकार टनाला दीड रुपया दराने बांबू देत होतं. टोपल्या-सुपं विणणाऱ्या बुरुडांना मात्र बाजारात त्याच्या कितीतरी पट मोजावे लागत. बांबू संपत चालला, तेव्हा बोट दाखवलं गेलं ते गावकऱ्यांकडे आणि त्यांच्या गुरांकडे. बेटं चांगली वाढावीत म्हणून बुडाचे काटे साफ करायची पद्धत होती. गावकऱ्यांचं म्हणणं उलटं होतं: काटे गेले की कोंब उघडे पडतात, गुरं आणि रानातली जनावरं ते खाऊन टाकतात, बेट खुंटतं. गाडगीळांनी ते हसण्यावारी नेलं नाही, तपासून पाहिलं. गावकऱ्यांचंच खरं निघालं.

माझी आजी शाळेत गेली नव्हती. तिला ठाऊक होतं ते कुठल्या वहीत उतरलं नाही. आपल्या घरोघरी अशी माणसं अजून आहेत. मुलांनो, या सुट्टीत गावी जाल तेव्हा फोटो काढाच, पण कळक, मेस, चिवा यांतला फरक कसा ओळखायचा, कोंब कधी काढायचे आणि किती ठेवायचे, हेही त्यांना विचारा. आणि लिहून ठेवा. बेट एकदा वाळलं तरी त्याच्या बियांतून नवं उगवतं. माणसाबरोबर गेलेलं शहाणपण तसं उगवत नाही.