घरातले टपालघर

आम्ही घोटीचे. दिवसा कारकुनी आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे, हा आमचा जुना शिरस्ता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुक हे सारे आमच्याकडे मेलने येते. गोरगरिबांची ही कागदपत्रे परक्या कंपनीच्या फुकट खात्यात साचावीत, हे मनाला पटेना. (मुलांच्या खात्यात प्रत राहतेच म्हणा!) म्हणून घरच्याच इंटरनेटवर स्वतःचा मेल सर्व्हर मांडला. संगणक जुना होता. पोस्टफिक्स व डोव्हकॉट हे प्रोग्राम फुकट मिळतात. "अहो, घरात पोष्ट हापीस काढता की काय?" असे घरातून विचारणे झाले.

पहिली अडचण पत्त्याची. घरगुती जोडणीत एकच आयपी पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. ज्यादा पैसे भरून कायमचा पत्ता घेतला. तरी पत्र बाहेर पडेना. सर्व्हर एकमेकांना पत्रे देतात ती २५ क्रमांकाच्या पोर्टवरून, आणि घरगुती जोडणीवर ते सहसा बंद असते. विषाणू शिरलेले घरचे संगणक त्याच वाटेने कचरा पाठवतात, म्हणून. अर्जविनंत्या करून ते उघडून घेतले. पण पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद कंपनीच्याच हाती. ती तशीच राहिली. डीकेआयएमची सही जोडायचे आम्ही आळसाने टाळले. वास्तविक गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून अशा बाबतींत नियम कडक केले आहेत.

त्या आळसाची किंमत एका मुलीला मोजावी लागली असती. तिच्या अर्जात त्रुटी निघाली, मुदत शनिवारची. आम्ही सोमवारीच मेल टाकून निर्धास्त झालो. शुक्रवारी रात्री तिचे वडील दारात. "दादा, पोरीचं काय झालं?" मेल तिच्या स्पॅममध्ये पडून होता! शनिवारी सकाळी पहिल्या गाडीने आम्ही दोघे नाशिकला गेलो. दाखला दुपारी जमा झाला. परतीच्या वाटेवर त्यांच्याकडे मान वर करून पाहवेना.

आता सही जोडली आहे. जाणारी पत्रे पैसे भरून दुसऱ्या सर्व्हरमार्फत जातात, येणारी मात्र घरीच उतरतात. जुलैच्या पावसात दीड दिवस वीज नव्हती, तेव्हा जीव टांगणीला लागला होता. पण पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करीत राहतो. वीज आली आणि अडकलेली पत्रे एकामागून एक उतरली. मुदतीचा निरोप असला की आम्ही मेल टाकतो आणि लगेच फोनही करतो.