जागा कंपनीची, मजकूर आपला

नालवाडीतल्या मुलांसाठी शिष्यवृत्तीची माहिती आम्ही इंटरनेट जोडणीसोबत मिळालेल्या वेबजागेवर टाकत होतो. पासवर्ड चाले, पण फाइलींची यादी उघडेना. "तुमचा कॉम्प्युटरच खराब," असे कंपनीने फोनवर ऐकवले. आम्ही ते मानले नाही, कारण शोधले.

एफटीपीत दोन जोडण्या असतात. आदेश पोर्ट २१ वरून जातात, फाइली दुसऱ्या जोडणीने. ॲक्टिव्ह मोडमध्ये ही दुसरी जोडणी सर्व्हर बाहेरून उघडू पाहतो आणि राउटर तिला अडवतो. पॅसिव्ह मोड निवडल्यावर तीही आपल्याच बाजूने उघडते. आमचे काम तिथेच झाले. फोटो दिसत नसतील तर फाइलनावातली इंग्रजी मोठी-लहान अक्षरे तपासा. बहुतेक सर्व्हर ती वेगळी मानतात. ५५२ आकडा आला, तर जागा भरली समजा.

मित्रांनो, हे फक्त तंत्र नाही. १९२० साली 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. बाबासाहेब थांबले नाहीत. १९२७ मध्ये त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढले. कंपनीची जागा जोडणी तुटली की जाते. म्हणून प्रत्येक फाइलची प्रत स्वतःजवळ ठेवा आणि ती चढवण्याची विद्या वस्तीतल्या दोघा-तिघांना तरी शिकवा.

जयभीम!