जोखीम आणि सवड

प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा आणि भाषाविज्ञान शिकवणारी प्राध्यापिका यांचा काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तसा तो काहीच नव्हता. माझ्या धाकट्या भावाने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’, संक्षेपाने ‘पीएमपी’, या प्रमाणपत्र-परीक्षेला बसायचे ठरवले आणि इंग्रजी प्रश्न उलगडून घेण्यासाठी तो राजारामपुरीतील आमच्या घरी येऊ लागला, म्हणून तो जडला. भाऊ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत नव्या कास्टिंगच्या विकासाचे काम पाहतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे यंत्र अभियांत्रिकीची पदविका आणि त्यानंतरची पंचवीस वर्षे भट्टीच्या धगीत गेलेली. परदेशी ग्राहकांशी थेट व्यवहार करणाऱ्या पदासाठी हे प्रमाणपत्र असावे, असे कारखान्याने ठरवले होते. त्याच पदाकडे त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेले दोन पदवीधरही डोळे लावून बसले होते. दिवसपाळी संपवून, जेवण उरकून, डोळ्यांवरची झोप परतवत पुस्तक उघडणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना मी सांगायला नको.

ही परीक्षा घेणारी संस्था 1969 साली अमेरिकेत स्थापन झाली. परीक्षा 1984 पासून होते. पदवीधराला प्रकल्पांचे नेतृत्व केल्याचा 36 महिन्यांचा अनुभव दाखवावा लागे, माझ्या भावासारख्या पदविकाधारकाला 60 महिन्यांचा. शिवाय 35 तासांचे औपचारिक प्रशिक्षण. जानेवारी 2021 पासून लागू झालेल्या ज्या आराखड्यानुसार तो बसला, त्यात 230 मिनिटांत 180 प्रश्न होते. एका प्रश्नाच्या वाट्याला सत्त्याहत्तर सेकंदही पुरते येत नाहीत. प्रश्नांची विभागणीही ठरलेली: ‘माणसे’ 42 टक्के, ‘प्रक्रिया’ 50 टक्के आणि ‘व्यावसायिक परिस्थिती’ 8 टक्के. ती उत्तरे मराठीतून देता येत नाहीत. जपानी, कोरियन, अरबी भाषकांसाठी सोय आहे, आपल्यासाठी नाही. आणि या गोष्टीचे वाईट वाटून घेण्याइतकाही वेळ भावाकडे नव्हता.

प्रारंभीच्या काही बैठका बऱ्या गेल्या. प्रकल्प म्हणजे काय, हे समजावायला कोल्हापूरकराला फार लांब जावे लागत नाही. राधानगरीचे धरण बांधणे हा प्रकल्प. त्याला आरंभ आहे, अंत आहे आणि शेवटी पूर्वी नव्हते असे काहीतरी उभे राहते. त्या धरणातून दर वर्षी पाणी सोडणे हा प्रकल्प नव्हे, तो नित्य कारभार. (राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झालेले ते काम त्यांच्या 1922 मधील निधनानंतर कित्येक वर्षांनी, स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. प्रकल्पाला अंत असतो याचा अर्थ तो आरंभ करणाऱ्याला दिसतोच असे नाही.) काम लहान लहान घटकांत फोडून त्याची उतरंड मांडण्याचे तंत्र तर मला ओळखीचेच वाटले. वाक्य घटकांत फोडून आम्ही जी वृक्षाकृती काढतो, तिच्याशी त्याचे सख्खे नाते आहे. गणिताची त्याला भीती नव्हती. नमुना-कास्टिंग सर्व सुरळीत झाले तर 6 दिवसांत, बहुधा 8 दिवसांत, सगळेच बिघडले तर 16 दिवसांत होईल. मग अंदाज किती धरावा? बहुधा लागणाऱ्या काळाला चौपट वजन द्यायचे, तिन्हींची बेरीज करून सहाने भागायचे: 9 दिवस. हे त्याने तोंडी सांगितले. मार्गदर्शक ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीतल्या 49 प्रक्रियाही त्याला पाठ होत्या.

पहिल्या प्रयत्नात तो अनुत्तीर्ण झाला.

या परीक्षेत गुण कळवत नाहीत. प्रत्येक विभागापुढे एक शेरा येतो. ‘प्रक्रिये’पुढे सर्वांत वरचा शेरा होता आणि ‘माणसे’पुढे सर्वांत खालचा. कागद माझ्यासमोर ठेवून तो म्हणाला, “ताई, मला माणसं कळत नाहीत म्हणे!” ज्या माणसाने दोनशे कामगारांच्या पाळ्या सांभाळल्या, मोल्डरच्या घरची दुखणीखुपणी ज्याला पाठ आहेत, त्याला हा शेरा अपमानासारखा लागला. आठवडाभर तो आला नाही. बसलेली फी लहान नव्हती. पण त्याला बोचत होते ते निराळेच. वर्षभराच्या मुदतीत तीनदा बसता येते, एवढाच काय तो दिलासा.

तो परत आला तेव्हा आम्ही प्रश्न सोडवणे थांबवले आणि ते नुसते वाचू लागलो. एक नमुना मीच रचला: ग्राहकाने मंजूर केलेल्या रचनेत एका अभियंत्याने परस्पर बदल केल्याचे लक्षात येते, प्रकल्प व्यवस्थापकाने प्रथम काय करावे? पर्याय चार: मालकांना कळवावे, बदल रद्द करावा, अभियंत्याशी बोलून परिणाम तपासावा, ग्राहकाची क्षमा मागावी. भावाने तत्काळ पहिला पर्याय निवडला. शिरोलीत तेच शहाणपणाचे आहे. मालकाला दुसऱ्याकडून कळले तर नोकरीवर येते. परीक्षेच्या जगात मात्र आधी समजून घ्यायचे, मग बोलायचे, आणि आपल्या अधिकारात सुटत नसेल तरच वर जायचे.

येथे सारा भार ‘प्रथम’ या एका शब्दावर आहे. चारही गोष्टी केव्हा ना केव्हा कराव्या लागतीलच. विचारला आहे तो क्रम. दुसरे असे की, इंग्रजीतील एकच साहाय्यक क्रियापद मराठीत ‘करावे’, ‘करायला हवे’, ‘केले पाहिजे’ असे निरनिराळ्या छटांत विभागले जाते. भाऊ प्रश्न ‘मी काय केले असते?’ असा वाचत होता. प्रश्नात होते ‘करावे’, आपल्या व्याकरणातला साधा विध्यर्थ. प्रश्न त्याच्या अनुभवाची साक्ष मागत नव्हता. विशिष्ट संकेत मानणाऱ्या एका कल्पित व्यवस्थापकाचे वर्तन विचारत होता. मी त्याला सांगितले की ही एक बोली आहे असे समज. तुझी बोली अशुद्ध ठरलेली नाही. पण त्या गावात गेलास तर त्या गावचे बोलावे लागेल. हे त्याला पटले, पूर्णपणे नव्हे. “त्या गावचा व्यवस्थापक कधी हीट वाया गेल्यावर उभा राहिलाय का?” असे त्याने विचारले, आणि माझ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते.

मग आम्ही पारिभाषिक शब्दांची एक वही केली. ‘रिस्क’ला मराठीत ‘जोखीम’ म्हणायचे हे सोपे. पण या शास्त्रात ‘रिस्क’ म्हणजे अनिश्चित घटना, जी घडल्यास हानी करील किंवा लाभही. जोखीम लाभदायक कशी असेल, यावर भाऊ अडला. तेव्हा मला आईचे बोलणे आठवले. लग्नाला निघताना ती बजावत असे, “अंगावर जोखीम आहे, गर्दीत जपून.” तिथे जोखीम म्हणजे दागिने! धोका आणि मोल एकाच शब्दात आपल्या बायकांनी बांधून ठेवलेले आहेत. त्यानंतर तो शब्द त्याला कधी अडला नाही. एखादे काम किती लांबले तरी अखेरची तारीख ढळत नाही, त्या अवकाशाला आम्ही ‘सवड’ म्हटले. कास्टिंग भरण्याच्या पेट्या बनवायला सवड आहे; पॅटर्न, कोअर, ओतकाम, फेटलिंग, तपासणी या साखळीला नाही. संपूर्ण प्रकल्पाचा काळ ठरवणाऱ्या अशा साखळीला पुस्तकी मराठीत ‘निर्णायक मार्ग’ म्हणता येईल. भावाने वहीत लिहिले, ‘बिनसवडीची वाट’. इतका चांगला प्रतिशब्द मला सुचला नसता.

दुसऱ्या खेपेस तो पुण्याच्या केंद्रावर बसला. साठ-साठ प्रश्नांनंतर दहा मिनिटांची विश्रांती मिळते, पण विश्रांती घेतली की मागच्या प्रश्नांकडे वळता येत नाही. दोन्ही विश्रांती त्याने डोळे मिटून घालवल्या, असे तो सांगतो. तो उत्तीर्ण झाला. ‘माणसे’पुढचा शेरा अपेक्षित पातळीचा होता, त्याहून वरचा नव्हे. पद त्याला मिळाले, तरी प्रमाणपत्र टिकवायचे तर तीन वर्षांत 60 अध्ययन-एकके पुरी करावी लागतात, म्हणजे अभ्यास काही सुटला नाही. आताशा कुठे काही अडले की तो आधी मोल्डरला विचारतो आणि मग मालकांना फोन करतो. दोन्हींत दहा मिनिटांहून अधिक अंतर पडू देत नाही.

ती वही सध्या त्याच्या खात्यातील एका तरुण सहकारिणीकडे आहे. ती यंदा बसणार आहे. ‘स्टेकहोल्डर’साठी मी ‘हितसंबंधी’ असा शब्द घातला होता. हितसंबंधी म्हटले की आपल्याकडे खुर्चीला चिकटलेली मंडळी आठवतात, अशी तिची तक्रार होती आणि ती रास्त आहे. तिने तो खोडून पेन्सिलीने वर लिहिले आहे, ‘ज्यांचे यात काही अडकले आहे ते’. शब्द लांब आहे. मी तो तसाच ठेवायला सांगितला आहे.